नेसिन

मराठी माणसाच्या कानावर 'नेसिन' हा शब्द पडला की डोळ्यांपुढे आधी साडी येते. आमच्या घरी मी जेवताना हा शब्द उच्चारला, तर सासूबाई लगेच म्हणाल्या, "काय नेसशील? ती मोरपंखी नेस." :-) त्यांना सांगावं लागलं की हे आडनाव आहे, तुर्की आडनाव, आणि त्याचा अर्थ आपल्या 'नेसण्या'पेक्षा बराच अवघड आहे.

आडनावांचा मला किती नाद आहे हे इथे नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहेच. लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्ताआधी मी आडनावं वाचते. गोडबोले, एकबोटे, दहीभाते, उकिडवे... एखाद्या पणजोबांच्या बोलण्याची, बोटांची नाहीतर बसण्याची लकब कुणाच्या तरी लक्षात राहिली आणि पुढच्या दहा पिढ्यांना चिकटली. आपली आडनावं अशी हळूहळू, कुणी न ठरवता, शेवाळासारखी वाढत गेली. तुर्कस्तानात मात्र आडनावं एका कायद्याने आली आणि दोन वर्षांत सगळ्या देशाला लागली. त्यातलं एक दुर्मिळ आडनाव म्हणजे हे 'नेसिन'.

आधी थोडा इतिहास सांगते, कंटाळू नका.

ऑटोमन काळात तिथल्या बहुतेक मुसलमान माणसांना आपल्या अर्थाने आडनाव नव्हतं. अहमद, मेहमेद, अली, हुसेन ही नावं, पुढेमागे बापाचं नाव, गावाचं नाव, धंदा, एखादं टोपणनाव किंवा पदवी. मोठ्या घराण्यांना 'झादे' किंवा 'ओउलू' असा शेवट असायचा. दोन्हींचा अर्थ 'अमक्याचा मुलगा'. गावात हे चालून जातं. 'लंगड्या अलीचा मेहमेद' म्हटलं की कुणाचा ते कळतं. पण लष्करभरती, करवसुली, शाळेचा पट, जमिनीची नोंद असं सगळं एकाच सरकारच्या वह्यांत यायला लागलं की पन्नास मेहमेदांचं काय करायचं?

१९२३ साली प्रजासत्ताक झालं. १९२६ साली स्वित्झर्लंडच्या धर्तीवर नवा नागरी कायदा आला, १९२८ साली लिपी बदलून अरबीच्या जागी रोमन आली. आणि २१ जून १९३४ रोजी आडनावाचा कायदा मंजूर झाला. २ जुलै १९३४ च्या सरकारी राजपत्रात तो छापून आला (ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे) आणि २ जानेवारी १९३५ पासून लागू झाला. प्रत्येकाने आडनाव घ्यायचं. मुदत दोन वर्षांची, म्हणजे जुलै १९३६ पर्यंत. जो घेणार नाही त्याला सरकारी अधिकारी देतील ते आडनाव.

विचार करा हं. उद्या आपल्याला कुणी सांगितलं की दोन वर्षांत स्वतःला एक नाव शोधा, आणि ते तुमच्या नातवंडांच्या नातवंडांनाही लागणार आहे. काय घ्याल?

लोकांनी काय घेतलं ते आज दिसतंच. तुर्कस्तानातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे 'यिल्माझ', म्हणजे न डगमगणारा. शिवाय काया म्हणजे खडक, देमिर म्हणजे लोखंड, चेलिक म्हणजे पोलाद, शाहिन म्हणजे ससाणा. यादी वाचताना वाटतं की हा सगळा देश एकतर तालमीत आहे नाहीतर लोहाराच्या भट्टीपाशी उभा आहे. माणसाला मोकळेपणी नाव निवडायला सांगितलं की तो आपण आहोत तसं न निवडता, आपण जसे असायला हवे होतो तसं निवडतो, असं माझं मत झालंय.

सगळ्यात दुर्मिळ आडनाव अर्थातच 'आतातुर्क'. मुस्तफा केमाल यांना ते २४ नोव्हेंबर १९३४ रोजी खास कायदा करून संसदेने दिलं, आणि पुढच्याच महिन्यात आणखी एक कायदा करून ते दुसऱ्या कुणालाही घ्यायला बंदी केली. त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही ते मिळालं नाही, तिचं आडनाव झालं 'आतादान'. त्यांना पोटची मुलं नव्हती आणि दत्तक मुलींना हे आडनाव लागलं नाही. त्यामुळे हे आडनाव एका माणसाबरोबर सुरू झालं आणि त्याच्याबरोबरच संपलं. दत्तक मुलगी सबिहा हिला त्यांनी 'ग्योक्चेन' हे आडनाव दिलं. 'ग्योक' म्हणजे आकाश. गंमत म्हणजे तेव्हा ती विमानात बसून काही उडत नव्हती. वैमानिकाचं शिक्षण नंतर १९३५ मध्ये सुरू झालं आणि पुढे ती लढाऊ विमान चालवणारी वैमानिक म्हणून जगभर गाजली. नाव आधी, आकाश नंतर!

इस्मेत पाशांना लढाईच्या मैदानाचं नाव मिळालं, इनोन्यू. लेखिका हालिदे एदिब यांच्या घराचं आडनाव झालं 'आदिवार', म्हणजे सरळसरळ 'नाव आहे'. याच हालिदेबाई १९३५ साली भारतात आल्या होत्या आणि दिल्लीच्या जामिया मिलियात त्यांची व्याख्यानं झाली होती.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती गमतीची नाही. कायद्याच्या तिसऱ्या कलमात काय घ्यायचं नाही याची यादी होती. हुद्द्यांची नावं नकोत, टोळ्यांची नावं नकोत, परक्या वंशांची आणि राष्ट्रांची नावं नकोत, किळसवाणी आणि हास्यास्पद नावं नकोत. नंतरच्या नियमावलीत तर कुठले शेवट चालणार नाहीत तेही लिहिलं. आर्मेनियन 'यान', स्लाव 'ओफ', 'विच', ग्रीक 'दिस', 'पुलोस', 'आकी', आणि जुने फारसी-अरबी 'झादे', 'बिन' हेसुद्धा. ज्यांच्या नावावरून ते कोण आहेत हे कळत होतं, त्यांनी ते आता कळू देऊ नये, असा या यादीचा साधा अर्थ. ज्यांची 'यान' आडनावं आधीपासून चालत आली होती अशा कितीतरी घरांनी ती टिकवली, कितींनी शेपूट कापून टाकलं. अगोप मार्तायान नावाचे आर्मेनियन भाषाशास्त्रज्ञ तुर्की भाषा मंडळात मोठं काम करत होते. त्यांना आतातुर्कांकडून 'दिलाचार' हे आडनाव मिळालं, म्हणजे भाषा उघडणारा. सन्मानच तो. पण सन्मानाबरोबर 'यान' गेलं ते गेलंच.

तर अशा त्या गडबडीच्या दिवसांत इस्तंबूलमध्ये एक विशीतला मुलगा होता. मेहमेत नुसरेत त्याचं नाव. १९१५ साली हेबेली बेटावर एका गरीब घरात जन्मलेला, लष्करी शाळेत शिकणारा. त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय, माझ्या शब्दांत सांगते. आडनाव घ्यायची वेळ आली तेव्हा माणसांचं सगळं गुपित बाहेर पडलं. पैशाला घट्ट असणाऱ्याने 'सढळ हाताचा' असं आडनाव घेतलं, भित्र्याने 'शूर' घेतलं, आळशाने 'कष्टाळू'. सगळी छान छान नावं अशी वाटून संपली आणि ह्याच्या वाट्याला अभिमानाने मिरवावं असं काही राहिलंच नाही. मग त्याने घेतलं 'नेसिन'.

तुर्कीत 'ने' म्हणजे काय, आणि 'सिन' हा शेवट म्हणजे 'तू आहेस'. नेसिन म्हणजे 'तू काय आहेस?' कुणी आपल्याला आडनावाने हाक मारली की दर वेळी आपल्याला विचार पडावा, आपण काय आहोत बाबा, म्हणून हे आडनाव.

मला हे वाचलं तेव्हा आपलं 'कोऽहम्' आठवलं. पण एक फरक आहे. तुर्कीत 'कोण' साठी वेगळा शब्द आहे, 'किम'. 'किमसिन' म्हणजे तू कोण आहेस. त्याला उत्तर देता येतं: अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा. 'नेसिन'ला असं उत्तर चालत नाही. तू काय आहेस म्हटलं की बापाचं नाव सांगून सुटका नाही. स्वतःकडेच बघावं लागतं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे गाडीत शेजारी बसलेला माणूस नाव विचारतो. आपण पहिलं नाव सांगतो. तो थोडा थांबतो आणि म्हणतो, "नाही, पूर्ण नाव?" आपल्या सगळ्यांना माहीत आहे की त्याला आडनाव हवंय, आणि आडनावही नकोय, त्यामागची जात हवीय. घर भाड्याने घेताना, डबा लावताना, मुलीसाठी स्थळ बघताना हा 'पूर्ण नाव?' किती शांतपणे येतो! शेवाळासारख्या वाढलेल्या आपल्या आडनावांना कुणी सरकारने हात लावला नाही, पण त्यांच्यातूनही माणूस कोण हे कळतं, काय हे कळत नाहीच. नेसिन आडनावाच्या माणसाला कुणी आडनाव विचारलं, तर उत्तरात विचारणाऱ्यालाच प्रश्न जातो. "आडनाव काय?" "तू काय आहेस?" हे मला फार आवडलं. इतकं आवडलं की दोन दिवस मी मनातल्या मनात लोकांना हेच उत्तर देत होते.

त्या मुलाचं पुढे काय झालं? तो लष्करात अधिकारी झाला, १९४४ मध्ये बाहेर पडला आणि लिहायला लागला. वडिलांचं नाव अझीझ, तेच त्याने लेखनासाठी घेतलं. अझीझ नेसिन. १९४६ साली लेखक सबाहत्तिन अलींबरोबर 'मार्कोपाशा' नावाचं विनोदी साप्ताहिक काढलं. ते इतकं झोंबणारं होतं की बंद पाडलं गेलं, वेगळ्या नावाने पुन्हा निघालं, पुन्हा बंद. नेसिन कितीदा तरी तुरुंगात गेले. नावावर बंदी आली की टोपणनावाने लिहायचे. शंभराच्या वर पुस्तकं झाली. १९७३ मध्ये त्यांनी एक संस्था काढली, नेसिन वाक्फी, आणि आपल्या सगळ्या पुस्तकांचे हक्क तिला देऊन टाकले. इस्तंबूलजवळ चाताल्जा इथे गरीब घरांतली, शिकायची सोय नसलेली मुलं तिथे राहतात, शिकतात, मोठी होतात. रक्ताने ती नेसिन नाहीत, पण त्या नावाच्या छपराखाली वाढलेली आहेत.

आता ती तारीख. २ जुलै १९९३. सिवास नावाच्या शहरात अलेवी लोकांच्या एका सांस्कृतिक महोत्सवाला लेखक, कवी, गायक जमले होते, नेसिनही होते. सलमान रश्दींच्या कादंबरीचे काही भाग तुर्कीत छापण्यात त्यांचा पुढाकार होता, त्याचा राग धुमसत होता. शुक्रवारच्या नमाजानंतर जमाव 'मादिमाक' हॉटेलभोवती जमला, तासन् तास वेढा घालून राहिला आणि शेवटी हॉटेल पेटवलं. महोत्सवाला आलेले ३३ जण आणि हॉटेलचे २ कर्मचारी मेले. नेसिन, वय ७७, अग्निशमन दलाच्या शिडीवरून खाली उतरले आणि वाचले. आडनावाचा कायदा राजपत्रात छापून आला त्या दिवसाला बरोबर ५९ वर्षं झाली होती. हा नुसता योगायोग, त्यात अर्थ शोधू नये. पण सगळ्यांनी एकसारखं दिसावं म्हणून कायद्याने दिलेल्या आडनावांच्या देशात, काही माणसांना ती वेगळी आहेत म्हणून जाळलं गेलं, हे मनातून जात नाही. आडनाव सारखं केल्याने माणसं सारखी होत नाहीत, आणि वेगळी राहिली तर बिघडत काय होतं?

६ जुलै १९९५ रोजी नेसिन गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठलाही विधी न करता, त्यांना संस्थेच्या बागेत पुरलं. नेमकी जागा कुठली ते सांगितलेलं नाही, वर दगड नाही, नाव नाही. मुलं त्या बागेत खेळतात. आयुष्यभर नावाचा प्रश्न घेऊन फिरलेल्या माणसाने शेवटी नावच ठेवलं नाही.

इथपर्यंत वाचलं असेल तर आता आपल्या घराजवळ या.

अझीझ नेसिन यांचे चिरंजीव अली नेसिन, जन्म १९५६, गणिती. पॅरिसला शिकले, अमेरिकेत येल विद्यापीठात डॉक्टरेट केली, तिथे शिकवलं, आणि वडिलांच्या निधनानंतर इस्तंबूलला परतून संस्थेची धुरा घेतली. २००७ साली त्यांनी एजियन किनाऱ्याजवळच्या शिरिंजे गावाशेजारी, डोंगरउतारावर, एक 'गणिताचं गाव' वसवलं. दगडमातीची घरं, झाडाखाली फळा, मुलं आळीपाळीने भांडी घासतात, स्वयंपाकाला हात लावतात, आणि बाकी वेळ नुसतं गणित. परीक्षा नाही, गुण नाहीत. या बांधकामात त्यांचे साथीदार होते सेवान निशानयान, आर्मेनियन वंशाचे लेखक, ज्यांनी तुर्की भाषेचा व्युत्पत्तिकोश तयार केला. आडनाव नीट वाचा. 'यान'! नियमावलीने ज्याला दार बंद केलं होतं तो शेवट आणि कायद्याच्या नाकावर टिच्चून घेतलेलं 'तू काय आहेस' हे आडनाव, दोघांनी मिळून मुलांसाठी गाव बांधलं.

२०१८ मध्ये रिओ द जानेरोला झालेल्या जागतिक गणिती परिषदेत अली नेसिन यांना पुरस्कार मिळाला, लोकांमध्ये गणिताची गोडी लावल्याबद्दल. पुरस्काराचं नाव 'लीलावती'. हो, तीच आपली लीलावती! भास्कराचार्यांचा ११५० सालच्या सुमाराचा ग्रंथ. हा पुरस्कार पहिल्यांदा २०१० साली हैदराबादच्या परिषदेत दिला गेला. आणि भास्कराचार्य म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या कुशीतले. चाळीसगावजवळ पाटण इथल्या देवळात एक शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. शके ११२८ चा. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी गणित शिकवायला घर बांधणारा नातू इथे, आणि आत्ता डोंगरउतारावर तेच करणारा मुलगा तिथे. आणि भास्कराचार्यांना 'आडनाव काय' असं कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

आता थोडं माझं. माझ्या एका आयुष्यात दोन आडनावं झाली. लग्नानंतर शिधापत्रिका, बँक, पासपोर्ट सगळीकडे बदललं. आपल्याकडे बदलायलाच हवं असा कायदा नाही, पण एका बँकेच्या खिडकीपलीकडून "मॅडम, लग्न झालंय ना? मग नाव एक ठेवा ना" असं ऐकल्यावर कायद्याची गरजच काय! (वाचणाऱ्या नणंदांनी राग मानू नये, तुमचं आडनाव चांगलंच आहे.) तुर्कस्तानात मात्र कायदाच होता, बायकोने नवऱ्याचं आडनाव लावायचं. १९९७ मध्ये त्याच्या आधी माहेरचं जोडायची सूट मिळाली. नुसतं माहेरचं ठेवायला बायकांना कोर्टात जावं लागत असे, २००४ मध्ये एक खटला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात जिंकला गेला, आणि २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या घटना न्यायालयाने ते कलमच रद्द ठरवलं. आपल्या महाराष्ट्रातही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव लिहायचं ठरलंय. म्हणजे नावांच्या वह्या अजून उघड्या आहेत, त्यात खाडाखोड करता येते. हे कळून मला बरं वाटलं.

आमच्या दोन्ही घरांच्या आडनावांमागे काही ना काही गोष्ट असणारच. माहेरच्या आडनावात एका गावाचं नाव आहे, आणि त्या गावात आमच्यातलं आज कुणी राहत नाही. सासरच्या आडनावात एक हुद्दा आहे, जो कधीच गेला. म्हणजे एक आडनाव सांगतं आम्ही कुठे नाही, दुसरं सांगतं आम्ही काय नाही. आपण काय आहोत ते दोन्हींत नाही. ते त्या लष्करी शाळेतल्या पोराने बरोबर ओळखलं होतं.

काका, मामा, आत्या, तुमच्यापैकी ज्यांना आपल्या आडनावाची खरी गोष्ट कुणा म्हाताऱ्याकडून ऐकायला मिळाली असेल, त्यांनी ती लिहून ठेवा, मलाही पाठवा. सांगणारी माणसं कमी होत चाललीयत. आणि बाकीच्यांनी एक करून बघा. समजा उद्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि घराण्याला एक नवं आडनाव घ्यायचंय. मी चार दिवस विचार करतेय. शूर, कष्टाळू वगैरे सगळी गेली म्हणतात. मला अजून सुचलेलं नाही.